गाळ आधी तपासा, मग शिवारात टाका



एप्रिल-मे महिन्यात माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, कुठल्याही तालुक्यात जा. तलाव आटलेला असतो, पोकलेन चालू असतो आणि बांधावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली असते. पुढाऱ्यांचे फोटो असलेला फलक असतो. आज किती घनमीटर गाळ निघाला, किती ट्रॉल्या गेल्या, किती शेतकऱ्यांनी नेला, हे सगळे मोजून वर कळवले जाते. त्या गाळात काय आहे, एवढे सोडून बाकी सगळे मोजले जाते.

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सरकारने २०१७ साली आणली आणि २०२३ मध्ये नव्याने सुरू केली. आधी गाळ वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्याच्या माथी होता. २०२३ पासून लहान शेतकऱ्याला अडीच एकरांपर्यंत, एकरी १५ हजारांच्या मर्यादेत अनुदान ठेवले. योजनेशी माझे भांडण नाही. मुरमाड माळावर काळा गाळ पडला की तिथे शाळू उभा राहतो, हे आपण पिढ्यान् पिढ्या पाहत आलो आहोत. इंग्रजांच्या काळातल्या राजेवाडीसारख्या तलावांपासून रोजगार हमीच्या पाझर तलावांपर्यंत सगळीकडे जो गाळ साठला आहे, तो मूळचा आपल्याच रानांची वाहून गेलेली माती आहे. ती परत मिळत असेल तर घ्यावी. पण वाटेत तिच्यात दुसरे काय मिसळले, हे पाहिल्याशिवाय घेऊ नये, आणि ते पाहण्याचा खर्च शेतकऱ्याने करू नये, एवढेच मला या जिल्हा बैठकीपुढे ठेवायचे आहे.

एक साधा हिशेब करा. एकरात चारशे घनमीटर गाळ पसरला तर चार इंचांचा थर होतो. वजन धरा पाचशे टन. त्या गाळात किलोमागे फक्त १०० मिलिग्रॅम शिसे असले, म्हणजे डोळ्याला दिसणार नाही, नाकाला कळणार नाही इतके, तरी एका एकरात ५० किलो शिसे आपण आपल्या हातांनी, आपल्या डिझेलने, हौसेने नेऊन टाकले. फवारलेले औषध उन्हापावसाने कधी ना कधी विरते. शिसे, कॅडमियम, पारा हे विरत नाहीत, कुजत नाहीत. नातवाच्या वाटणीत ते रान येईल तेव्हाही ते तिथेच असतील.

आता कोणी म्हणेल, प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे की. आहे. महाराष्ट्रात ते १९७० सालापासून आहे, १९६९ च्या राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले. नदीत मासे तरंगले की मंडळाचा माणूस येतो आणि बाटलीत पाणी भरून नेतो. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीजवळ अंकलीच्या बाजूला कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला, तेव्हाही चर्चा पाण्याचीच झाली. पण पाणी वाहते. रात्री सोडलेले मळीमिश्रित पाणी सकाळपर्यंत पुढच्या गावाला पोचलेले असते. बाटलीत येते ते त्या घटकेचे पाणी, आणि ती घटका कारखानदाराला आधी कळलेली नसेल तर नशीब.

गाळाचे तसे नाही. जड धातू आणि जुनी कीटकनाशके पाण्यात फार वेळ राहत नाहीत. चिकणमातीच्या बारीक कणाला चिकटतात आणि त्याच्याबरोबर तळाला बसतात. दरवर्षीचा थर आदल्या वर्षीच्या थरावर बसतो. दुकानदाराच्या खतावणीत जशी जुन्या उधारीची पाने असतात तशी नदीने लिहून ठेवलेली ती पाने आहेत. वीस वर्षांपूर्वी वर कोणी काय सोडले, ते खालच्या थरात सापडते. म्हणूनच गाळाचा नमुना घ्यायला फारशी कोणाची तयारी नसते. पाण्याची बाटली आजच्या दिवसापुरती बोलते, गाळ मागचे सगळे बोलतो.

कायद्याचा एक भाग आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या २१ व्या कलमात लिहिले आहे की कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना घ्यायचा तर कारखान्याच्या माणसाला नोटीस द्यायची, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्हींवर सील लावायचे, दोघांनी सह्या करायच्या. न्यायाचीच गोष्ट आहे, उद्या खटला चालला तर नमुना बदलला असे कोणी म्हणू नये. पण ज्याच्या रानात ते पाणी शिरते त्याला त्यातला एक भाग द्यावा, निदान त्याला बोलवावे, असे त्या कलमात नाही. विष सोडणाऱ्याच्या हक्काची काळजी कायद्याने घेतली आहे, विष झेलणारा त्या जागेवर हजरच नाही.

दुष्काळी तालुक्यांचा कृष्णेशी काय संबंध, असे विचारणारे अजून आहेत. ओला पट्टा नदीकाठचा, आपण माळावरचे, नदी घाण झाली तर ते बघतील. बाबांनो, तो काळ गेला. तेरा दुष्काळी तालुक्यांच्या पाण्यासाठी नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरल्या. मोर्चे निघाले, पदरमोड करून माणसे मुंबईला गेली. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या योजना त्या रेट्याने पुढे सरकल्या. आज कृष्णेचे पाणी पंपाने उचलून खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जतपर्यंत येते. ते कुठून उचलतात तेही बघा. टेंभू कऱ्हाडच्या खाली आहे. म्हैसाळ सांगली-मिरजेच्या खाली आहे. कऱ्हाड शहराची घाण, औद्योगिक वसाहतीचे पाणी जिथे नदीला मिळते त्याच्या खालच्या अंगाला आपला पंप. सांगलीचा शेरीनाला कृष्णेला मिळतो हे तिथल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. त्याचे पाणी धुळगावला नेऊन शेतीला द्यायच्या योजनेवर किती वर्षे आणि किती पैसे गेले ते सांगलीकरांना विचारा.

हे उचललेले पाणी आपल्या तलावांत सोडतात. तलावात पाणी थांबते, आणि थांबलेल्या पाण्यातला गाळ खाली बसतो. मग काही वर्षांनी योजनेचा पोकलेन येतो आणि तोच गाळ आपल्या रानात. टेंभूच्या पाण्यात विष आहे असे मी म्हणत नाही. कृष्णा मोठी आहे, पावसाळ्यात पुष्कळ धुऊन नेते. मी म्हणतो, ज्या तलावांत हे पाणी पडते त्यांच्या तळाचा गाळ तपासल्याचा कागद गाव चावडीवर लावा, आणि मग खुशाल ट्रॉल्या भरा.

कारखानदाराला आणि शहराला बोलून आपण मोकळे होऊ शकत नाही. तासगाव, मिरज, खानापूर, कवठेमहांकाळचा द्राक्षपट्टा बघा. मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण वर्षातून कितीदा फवारतो आपण? मोरचूद म्हणजे तांबे. ते वेलीवरून जमिनीवर पडते, वळवाच्या पावसात बारीक मातीबरोबर ओढ्याला जाते, ओढ्यातून तलावात. त्याआधीची गोष्ट घ्या. जोंधळ्यावर, भुईमुगावर, कपाशीवर बीएचसीची पावडर फडक्यात बांधून किती वर्षे धुरळली? शेतीसाठी डीडीटी १९८९ मध्ये बंद केले, बीएचसी १९९७ मध्ये, कपाशीवरचे एन्डोसल्फान २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या हुकमाने. दुकानातून ती गेली. तळाच्या थरातून गेली की नाही हे थर खणून तपासल्यावरच कळेल. शेतकरीच विष फवारतो असे शहरातले विद्वान म्हणतील. बरोबर आहे, फवारतो. ते विष विकायची परवानगी कोणी दिली आणि पुढाऱ्यांच्या कृषी मेळाव्यात स्टॉल कोणाचे होते, तेही त्यांनी लिहावे. पण म्हणून तपासणी नको असे होत नाही. आपल्याच दोषाचा भाग जास्त निघाला तर तोही कळू दे.

तपासणी परवडत नाही, असे सांगतात. २०१० साली क्लोरमेक्वाटचा अंश सापडला म्हणून युरोपने आपली द्राक्षे अडवली. बागायतदार रडला, बँकेचे हप्ते थकले. पण त्या व्यवस्थेकडे नीट बघा. परदेशी जाणाऱ्या द्राक्षासाठी बागेची नोंदणी आहे, नमुना घेणारा माणूस आहे, मान्यताप्राप्त प्रयोगशाळा आहेत, त्यांच्यावर देखरेख ठेवायला पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची प्रयोगशाळा आहे. किलोमागे मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत अंश मोजतात. म्हणजे यंत्रे आहेत, माणसे आहेत, ज्ञान आहे. लंडनच्या पोराच्या तोंडात जाणारा मणी तपासायला सगळे आहे. झऱ्याच्या, डफळापूरच्या पोराच्या भाकरीचा जोंधळा ज्या गाळात उगवतो तो तपासायचा म्हटले की निधी नसतो.

जमीन आरोग्य पत्रिका मिळाली आहे ना, असेही सांगतील. २०१५ मध्ये सुरू झालेली ती पत्रिका घरात असेल तर काढा आणि वाचा. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. बारा रकाने. शिसे नाही, कॅडमियम नाही, पारा नाही, आर्सेनिक नाही, क्रोमियम नाही. पत्रिका खोटी नाही. कोणते खत किती घालावे हे सांगायला ती केली आहे, विष ओळखायला नाही. ती दाखवून कोणी तुमचे समाधान करू लागला तर त्याला हे बारा रकाने मोजून दाखवा.

आणि मर्यादाच ठरलेल्या नाहीत म्हणावे तर तेही खरे नाही. शहराच्या कचऱ्याचे कंपोस्ट पोत्यात भरून विकायचे तर १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली त्यात किलोमागे शिसे १०० मिलिग्रॅम, कॅडमियम ५, आर्सेनिक १०, क्रोमियम ५०, निकेल ५० आणि पारा ०.१५ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. पोत्यातले कंपोस्ट एकरी टन-दोन टन पडते, त्याला कायदा. तलावातला गाळ एकरी पाचशे टन पडतो, त्याला फक्त घनमीटर.

इथे एक गोम आहे, ती आधीच समजून घ्या, नाहीतर साहेब लोक आपल्याला तिथेच गाठतील. आपली काळी माती काळ्या पाषाणाची झालेली आहे. त्या पाषाणात तांबे, निकेल, क्रोमियम मुळातच बरेच असते. त्यामुळे ज्या रानात कधी काही टाकले नाही त्याची मातीसुद्धा कंपोस्टच्या मर्यादेपेक्षा जास्त क्रोमियम दाखवू शकते. आपण एकच नमुना नेला आणि ओरड केली, की ते म्हणणार, हे तर निसर्गाचेच आहे, जा घरी. म्हणून गाळाच्या नमुन्याबरोबर त्याच गावच्या स्वच्छ रानातल्या मातीचा नमुना न्यायचाच. दोन आकडे शेजारी ठेवायचे. गाळातला आकडा रानातल्या मातीच्या दुप्पट-तिप्पट निघाला तर तो निसर्गाने आणून टाकलेला नाही. शिसे, कॅडमियम, पारा यांच्या बाबतीत तर पाषाणाचे निमित्त फारसे चालतच नाही.

नमुना घ्यायची रीत आपल्याला वाटते तशी नाही. माती परीक्षणाला आपण नागमोडी चालून दहा ठिकाणची माती गोळा करतो, कालवतो, चार वाटे करतो, समोरासमोरचे दोन टाकतो. खताच्या हिशेबाला ते बरोबर. विष शोधताना तसे केले तर एका जागचे विष नऊ जागांच्या चांगल्या गाळात कालवून झाकले जाते. म्हणून नमुने वेगळे ठेवायचे. ओढा तलावात शिरतो तिथला एक, मधला एक, बांधाजवळ सगळ्यांत बारीक गाळ बसतो तिथला एक. शहराचे किंवा वसाहतीचे गटार मिळत असेल तर त्याच्या तोंडाशी एक आणि त्याच्या वरच्या अंगाला एक. प्रत्येक जागी वरचा वीतभर थर वेगळा, त्याखालचा वेगळा. जस्ती पत्र्याची पाटी आणि गंजके फावडे वापरू नका, त्याचेच जस्त आणि लोखंड नमुन्यात येते. धातूसाठी कोरी प्लास्टिकची पिशवी घ्या, खताचे रिकामे पोते कधीच नको. कीटकनाशकासाठी काचेची बरणी लागते, आणि ती बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवावी लागते.

जागेवर लगेच काय कळते? गाळ काळाकुट्ट असेल आणि सडक्या अंड्यासारखा वास मारत असेल तर तिथे सांडपाणी मुरते आहे असे समजा. अशा गाळात धातू गंधकाशी बांधलेले असतात आणि पाण्याखाली असेपर्यंत बरेचसे गप्प बसतात. तोच गाळ उपसून उन्हात पसरला, हवा लागली, की ती गाठ सुटते आणि धातू पिकाच्या मुळांना मोकळे होतात. तलावात असताना पाणी चांगले होते, हा पुरावा त्यामुळे लंगडा पडतो. आता हातात धरायचे एक्सआरएफ नावाचे यंत्र मिळते. गाळावर टेकवले की मिनिट-दोन मिनिटांत शिसे, तांबे, जस्त, क्रोमियम, आर्सेनिक यांचे आकडे दाखवते. ओल्या गाळावर ते कमी आकडा दाखवते, म्हणून गाळ वाळवून चाळून घ्यावा लागतो. कॅडमियम आणि पारा थोडा असला तर त्याला दिसत नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. तेव्हा यंत्र दाखवून ‘सगळे ठीक आहे’ असे कोणी म्हणाला तर कोणत्या धातूबद्दल म्हणतो ते विचारा. यंत्राचा खरा उपयोग चाळणीसारखा आहे. पन्नास जागा झटपट पाहून कोणत्या पाच जागांचे नमुने प्रयोगशाळेला धाडायचे ते ठरते. यंत्र महाग आहे, गावाला परवडणार नाही, पण जिल्ह्याला एक पुरते. जिल्हा नियोजन समितीला कमानी आणि सुशोभीकरण परवडते, तर हेही परवडेल.

आपल्याकडे काय होणार, असे वाटत असेल तर जपानातले ऐका. तिथल्या जिन्झू नदीच्या वरच्या अंगाला कामिओका नावाची शिशा-जस्ताची खाण होती. तिच्यातले कॅडमियम नदीच्या गाळाबरोबर खाली भातखाचरांत गेले. कोणी टाकले नाही, पाटाने आले. खालच्या गावांतल्या बायकांची हाडे इतकी ठिसूळ झाली की नुसत्या हालचालीने मोडू लागली. त्या रोगाचे नावच ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. सरकारने खाणीमुळे झालेला रोग म्हणून तो मान्य केला १९६८ मध्ये. त्यानंतर आठशे हेक्टरांहून जास्त खाचरांची माती बदलायचे काम १९७९ ला सुरू झाले आणि २०१२ ला संपले. जपानसारख्या पैसेवाल्या देशाला तेहतीस वर्षे लागली. आपल्या अडीच एकरांची माती कोण बदलून देणार?

जोंधळ्याचे तर आणखी एक आहे. तो धातू मुळांत आणि ताटात जास्त धरतो, दाण्यात कमी. म्हणजे भाकरीपेक्षा कडबा आधी बिघडतो, कडब्यातून जनावर, जनावरामागून दूध. दाणा तपासून ‘चांगला आहे’ म्हणणाऱ्याला कडब्याची पेंढी पुढे करा.

खर्च कोणी करायचा, यावर कोर्टाने कधीच बोलून ठेवले आहे. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी गावात रासायनिक कारखान्यांनी एच-ॲसिड काढले आणि २,४०० टनांच्या वर गाळ उघड्यावर टाकला. विहिरींचे पाणी तांबडेलाल झाले, माणसाला नाही, जनावराला नाही, पिकालाही चालेना. नागपूरच्या नीरी संस्थेने जागेवर जाऊन तपासणी केली आणि त्या अहवालावर सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये निकाल दिला की ज्याने घाण केली त्यानेच ती काढण्याचा खर्च द्यायचा. टाळाटाळ इतकी झाली की २०११ मध्ये कोर्टाला ३७ कोटींच्या वरची रक्कम चक्रवाढ व्याजासह भरायला सांगावी लागली. गावाचा राग खरा होता, पण निकाल मिळाला तो तपासणीच्या कागदावर.

आता नवा कायदाही हाताशी आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांचे नियम काढले. दूषित असल्याचा संशय असलेल्या जागांची यादी दर सहा महिन्यांनी राज्याच्या मंडळाला कळवायची जबाबदारी स्थानिक संस्था आणि जिल्हा प्रशासनावर टाकली आहे, आणि लोकांच्या तक्रारीवरूनही अशी जागा यादीत घेता येते. सातारा आणि सांगलीच्या जिल्हाधिकाऱ्यांनी आजवर कोणत्या जागा कळवल्या, हा प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारायला दहा रुपयांचा स्टँप पुरतो.

हे सगळे आपल्या आवाक्यातले आहे का? येरळाकाठच्या बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात नदीच्या वाळूचा उपसा अडवला, वाळू आणि पाण्याचे नाते स्वतः अभ्यासले, जाणकार इंजिनिअरांना गावात आणले आणि बळीराजा धरण उभे केले. त्यांना कोणी सांगितले नव्हते की हा विषय तुमचा नाही. शिवाजी विद्यापीठ, सांगलीचे वालचंद कॉलेज, राहुरीचे विद्यापीठ यांच्या दारात आपण बियाणे आणि नोकऱ्या मागायला जातो. या वेळी गाळाचे नमुने घेऊन जाऊ.

बैठकीत ठराव मांडायचा आहे तो असा. ज्या तलावाच्या पाणलोटात औद्योगिक वसाहत, शहराचे गटार, साखर कारखाना किंवा मोठा द्राक्षपट्टा आहे, किंवा ज्यात उपसा योजनेचे पाणी सोडले जाते, तिथला गाळ तपासल्याशिवाय उपसू नये. माळावरचा स्वच्छ पाझर तलाव यात अडकवू नये, तिथला गाळ लोकांना लगेच मिळावा. नमुना गावकऱ्यांसमोर घ्यावा, पंचनामा व्हावा, तीन भाग करून सील लावावे आणि एक भाग ग्रामपंचायतीच्या कपाटात राहावा. निकाल मराठीत, त्याच गावच्या चांगल्या मातीच्या आकड्यासह चावडीवर लागावा. दूषित निघालेला गाळ कुठे टाकायचा आणि त्याचा खर्च कोणाकडून वसूल करायचा, हे जिल्हाधिकाऱ्यांनी लेखी कळवावे. तपासणीचा एक पैसाही शेतकऱ्याच्या अनुदानातून कापू नये.

बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन गोष्टी लिहून आणाव्यात. आपल्या तलावाला कोणते ओढे मिळतात, त्यांच्या वर काय काय आहे, आणि मागच्या दहा वर्षांत तिथला गाळ कोणाच्या रानात किती पडला. ज्यांनी गाळ नेला आहे त्यांनी घाबरून जाऊ नये, पण त्या रानातली मूठभर माती कोऱ्या पिशवीत घालून, वर गट नंबर लिहून आणावी. पहिली तपासणी तिचीच करून मागू.